वासराच्या वाट्याचे दूध

दिवाळीची सुरुवात कशाने होते, असे विचारले तर दहांतले नऊ जण अभ्यंगस्नान, फराळ किंवा आकाशकंदील यांपैकी काहीतरी सांगतील. खरे म्हणजे दिवाळीचा पहिला दिवस गाय-वासराचा. आश्विन वद्य द्वादशी, वसुबारस. त्या दिवशी सवाष्णींनी सवत्स धेनूची पूजा करावी आणि गाईचे दूध, ताक, तूप खाऊ नये, असा परिपाठ. त्यामागे शास्त्रकारांचा काय हेतू होता तो त्यांनाच ठाऊक; पण माझी आजी सांगे ते कारण मला फार पटत असे. ती म्हणे, “अगं, वर्षातून एक दिवस तरी त्या वासराला पोटभर पिऊ द्यावं.” आता ब्लॉकमध्ये राहणाऱ्या आम्ही बायका गाय कोठून आणणार? आम्ही दारात रांगोळीची गाय काढतो, तिच्या पोटाशी रांगोळीचेच वासरू काढतो, हळदकुंकू वाहतो आणि आत येऊन दुधाची पिशवी फोडतो. पिशवीवरही कधीकधी गाईचे चित्र असते. वासरू मात्र नसते.

मी मराठीची प्राध्यापिका. गुराढोरांशी माझा संबंध संतांच्या दृष्टांतांपुरता. गाय वासराकडे धाव घेते तसा देव भक्ताकडे, हे मी गेली अठरा वर्षे मुलांना समजावून देत आले आहे. ‘वात्सल्य’ हा शब्द फळ्यावर लिहायचा, त्यातला ‘वत्स’ अधोरेखित करायचा, वत्स म्हणजे वासरू, ‘वत्सल’ म्हणजे वासराची ओढ असलेली, आपल्या ‘वासरू’ या शब्दाचे मूळही तेच, असे सांगून मुलांचे चेहरे पाहायचे, हा माझा ठरलेला कार्यक्रम. दोन वर्षांपूर्वी तो यथासांग पार पडल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. नेवाशाकडची, घरी सात गाई. ती म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे पान्हा फुटावा म्हणून वासरू सोडतात आणि फुटला की ओढून खुंट्याला बांधतात. मग वात्सल्य कुणाच्या बादलीत जातं?” वर्ग हसला, मीही हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. वासराच्या वाट्याला किती दूध येते, किती यायला हवे, आणि ते न आल्याने कुणाचे काय बिघडते, याचा माग काढण्याचे वेड मला तेव्हापासून लागले. त्या मागाचा हा वृत्तान्त.

त्याची सुरुवात खरवसापासून करणे भाग आहे.

गवळ्याची गाय व्याली की घरात चिकाचा तांब्या येई आणि त्या दिवशी शाळेतून आम्ही पळतच घरी येत असू. गूळ घालायचा की साखर, वेलदोडा की जायफळ, यावर घराण्याघराण्यांत मतभेद. पण एका गोष्टीवर सर्व सुगरणींचे एकमत. पहिल्या दिवसाचा चीक दाट, म्हणून त्यात भरपूर दूध घालावे लागते. दुसऱ्या दिवसाच्या चिकात कमी. तिसऱ्या दिवशी तो इतका पातळ होतो की दूध घालाल तर खरवस धरणारच नाही. नुसते दूध कितीही वाफवले तरी त्याची वडी पडत नाही, चिकाची पडते. असे का, हे मी कधी स्वतःला विचारले नव्हते. उत्तर असे की, साध्या दुधात शंभर भागांत तीन-साडेतीन भाग प्रथिने असतात, तर पहिल्या धारेच्या चिकात चौदाच्या आसपास. या जादा प्रथिनांतला मोठा हिस्सा रोगांशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचा असतो. अंड्याचा पांढरा भाग उष्णतेने गोठतो तशी ही प्रथिने वाफेने गोठतात. म्हणजे आपण सुरीने जी लुसलुशीत वडी कापतो, तिच्या घट्टपणात मोठा वाटा त्या वासराच्या चिलखताचा असतो.

चिलखत हा शब्द मी शोभेसाठी वापरलेला नाही. माणसाचे मूल जन्माला येते तेव्हा आईच्या रक्तातले प्रतिपिंड वारेतून त्याच्या रक्तात आधीच उतरलेले असतात. गाई-म्हशींची वार वेगळ्या घडणीची. तिच्यात मायलेकरांच्या रक्तामध्ये इतके पडदे असतात की प्रतिपिंड पलीकडे जाऊच शकत नाहीत. त्यामुळे वासरू जगात येते ते अक्षरशः उघडे. गोठ्यातल्या शेणामुतात, ओल्या पेंढ्यात त्याच्यावर टपून बसलेले जंतू हजर. आणि अंगात त्यांच्याशी लढायला काही नाही. जे काही आहे ते आईच्या चिकात.

तेही फार काळ घेता येत नाही. नवजात वासराच्या आतड्याला पहिल्या दिवसापुरती एक विलक्षण मुभा असते. एरवी प्रथिनांचे तुकडे झाल्याखेरीज आतडे त्यांना आत घेत नाही. पण या काळात प्रतिपिंड सगळेच्या सगळे, न मोडता, रक्तात शिरू शकतात. जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत हा दरवाजा सताड उघडा असतो. सहा तासांनी निम्माशिम्मा, बारा तासांनी किलकिला, आणि चोवीस तासांच्या सुमारास बंद. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी तो खाद्य म्हणून पचेल. चिलखत म्हणून उपयोगी पडायचा नाही.

येथे आपल्या रीतीभातींची गंमत पाहा. माझ्या आजीच्या पिढीत बाळंतिणीचा पहिला चीक पिळून टाकीत, तो बाळाला बाधतो म्हणून. गाईचा पहिला चीक मात्र काढून घेत, तो आपल्याला आवडतो म्हणून. बाळाला न देण्याचे कारण तो वाईट, वासराला न देण्याचे कारण तो चांगला! बाळांच्या बाबतीत डॉक्टरांनी आपल्याला शहाणे केले. पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यावे, हे आता दवाखान्यातल्या आयासुद्धा सांगतात. वासरांच्या बाबतीत हे शहाणपण गोठ्यागोठ्यातून अजून पोचते आहे.

ते पोचताना कसे दिसते, हे मी मागल्या मे महिन्यात पाहिले. सुट्टीत संगमनेरकडे माझ्या मामेभावाच्या वस्तीवर गेले होते. दादाचा थोडा ऊस आहे आणि गोठ्यात नऊ ‘जर्सी’ आहेत. त्यांतली एकही जर्सी नाही. सगळ्या होल्स्टीनच्या संकराच्या, काळ्या-पांढऱ्या. पण आपल्याकडे डालडा म्हणजे जसे सगळेच वनस्पती तूप, तशी जर्सी म्हणजे सगळीच संकरित गाय. रात्री अडीचच्या सुमारास वहिनींनी मला हलवले. “वन्सं, यायचंय ना बघायला? चला.” गोठ्यात गेले तो कालवड जमिनीवर पडून डोके हलवीत होती. वहिनींनी तिच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, नाळेला आयोडीन लावले, गाईला तिला चाटू दिले आणि कास धुऊन धार काढायला बसल्या.

दारातून मामींचा आवाज आला, “जार पडला का गं?”

“नाही अजून.”

“मग इतक्यात पाजू नको. जार पडू दे आधी. जार अडकतो मग.”

ही समजूत मामींची एकट्यांची नाही. ती देशभर आहे. जार पडायला कधी दोन तास लागतात, कधी बारा. तोवर वासरू उपाशी, आणि आतला दरवाजा मिटत चाललेला. वहिनी सासूला उलटून बोलणाऱ्यांतल्या नाहीत. त्या धार काढता काढता एवढेच म्हणाल्या, “आई, डॉक्टर म्हणाले, कास रिकामी झाली की जार उलट लवकर पडतो.” डॉक्टरांचे म्हणणे खरेच होते. ज्या संप्रेरकाने पान्हा सुटतो, त्यानेच गर्भाशयही आकुंचन पावते. मामी काही बोलल्या नाहीत, पण आत गेल्याही नाहीत. पदर डोक्यावर ओढून तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

मग दादाने खिशातून एक नळीसारखे यंत्र काढले. उसाच्या रसात साखर किती उतरली ते पाहायचा हा रिफ्रॅक्टोमीटर. साखर कारखान्याच्या भागात तो काही नवलाचा नाही. त्याने काचेवर चिकाचा एक थेंब टाकला, यंत्र डोळ्याला लावून विजेच्या दिव्याकडे पाहिले आणि म्हणाला, “चोवीस.” मला वाटले, याला झोप अनावर झाली आहे, उसाचे यंत्र चिकाला! पण तीच तर खुबी. रसातली साखर प्रकाशाला जशी वाकवते तशी चिकातली घन द्रव्येही वाकवतात. आणि आकडा बावीसच्या वर गेला की प्रतिपिंड पुरेसे आहेत असे समजायचे, हे जगभरच्या गोठ्यांत मानले गेलेले माप आहे. दोन लिटर चीक बाटलीने तासाभराच्या आत पाजला, पहाटे आणखी एक. कालवड फितीने मापली तेव्हा वजन एकतीस किलोच्या जवळपास निघाले होते. वजनाच्या एक दशांश चीक, तोही पहिल्या काही तासांत, हा हिशेब.

जार साडेपाचला पडला. मामींनी तो स्वतः पाहिला आणि मगच आंघोळीला गेल्या. दुसऱ्या दिवशी कालवडीचे भागून चीक उरलाच. अशी गाय एका वासराला लागतो त्याहून किती तरी जास्त चीक देते. एक पिशवी वहिनींनी बर्फाच्या खणात गोठवून ठेवली, एखाद्या वासराची आई दगावली तर असावी म्हणून. बाकीच्याचा मामींनी खरवस केला आणि मी तो दोन वेळा मागून घेतला, हे प्रांजळपणे सांगते. माझे खरवसाशी भांडण नाही. भांडण फक्त क्रमाशी आहे.

इथवर झाली ती वासरू जगण्याची गोष्ट. आधल्या वर्षी या गोठ्यात दोन वासरे हगवणीने गेली होती, म्हणून तर ही सारी तयारी. पण मला खरे कुतूहल होते ते त्यापुढच्या गोष्टीचे. वहिनी म्हणत होत्या की, पहिल्या दोन महिन्यांत कालवडीच्या पोटात किती दूध जाते, यावर ती मोठी होऊन किती दूध देईल हे काही अंशी ठरते. दादाला हे पटत नव्हते. “दूध आईबापांवर जातं,” तो म्हणे, “वळू कुठला, गाय कुठली, त्यावर. आणि मग आंबोणावर.” सामान्य माणसाला हेच पटेल. मलाही असेच वाटे.

जुनी रीत अशी होती, आणि ती केवळ आपल्याकडचीच नव्हे, अमेरिका-युरोपातही तीच चाले: वासराला रोज वजनाच्या दशांश दूध द्यायचे, त्याहून अधिक नाही. तीस किलोच्या वासराला सकाळ-संध्याकाळ दीड दीड लिटर. त्यामागे कंजूषपणा होता तसे शास्त्रही होते. वासराला चार कोठ्यांचे पोट असते खरे, पण जन्मतः त्यांतली चौथी तेवढी कामाची. वासरू दूध पिऊ लागले की अन्ननलिकेच्या टोकाला एक पन्हळ मिटते आणि दूध पहिल्या कोठीला बगल देऊन थेट चौथीत जाते. पहिली कोठी, म्हणजे पुढे जी भले मोठे रवंथाचे पोते होणार, ती तेव्हा रिकाम्या पिशवीसारखी. ती वाढते दाण्याने. भरडा खाल्ला की तो तिथे आंबतो, त्यातून जी आम्ले तयार होतात त्यांनी कोठीच्या भिंतीला मखमलीसारखे अंकुर फुटतात. नुसत्या गवताने कोठी ताणली जाते, पण हे अंकुर नीट फुटत नाहीत. तेव्हा दूध कमी दिले की वासरू भुकेने भरड्याकडे वळेल, पोट लवकर तयार होईल आणि दूधही विकायला उरेल, असे हे गणित. चुकीचे होते असेही नाही. फक्त ते करताना वासराला अर्धपोटी ठेवावे लागे. मोकळे सोडले तर तेच वासरू दुपटीहून अधिक सहज पिते.

मग या अर्धपोटी राहण्याचा पुढे काही परिणाम होतो का? १९९७ साली इस्राएलमधल्या बार-पेलेद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. होल्स्टीनच्या काही कालवडींना सहा आठवडे दिवसातून तीनदा गाईला लुचू दिले; बाकीच्यांना नेहमीच्या मापाने दुधाची भुकटी कालवून पाजली. लुचलेल्या कालवडी सुमारे महिनाभर आधी व्याल्या आणि पहिल्या वेतात त्यांनी साडेचारशे किलोंच्या आसपास जादा दूध दिले. २००५ साली अमेरिकेत ब्राउन स्विस जातीवर आणखी साधा प्रयोग झाला. जन्मतः निम्म्या वासरांना दोन लिटर चीक, निम्म्यांना चार. पुढचे सारे पालनपोषण सारखे. एका दिवसातला हा दोन लिटरचा फरक. पण चार लिटरवाल्या गाईंनी पहिल्या वेतात साडेनऊशे किलो आणि दुसऱ्यात साडेसोळाशे किलो दूध जास्त दिले. वासरे फार नव्हती, म्हणून या आकड्याला मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. पण चिकात प्रतिपिंडांखेरीज वाढीची संप्रेरकेही असतात आणि ती वासराच्या घडणीवर काही छाप ठेवून जातात, अशी शंका शास्त्रज्ञांना येऊ लागली ती अशा प्रयोगांवरून.

सर्वांत वजनदार काम न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाचे. सोबेरॉन आणि व्हॅन ॲम्बर्ग यांनी २०१२ साली आपल्या गोठ्यातल्या १,२४४ कालवडींच्या नोंदी तपासल्या. दूध तुटेपर्यंतच्या काळात रोजच्या वाढीत एक किलोचा फरक असेल, तर पहिल्या वेतात ८५० किलो दुधाचा फरक, असे प्रमाण निघाले. एका खाजगी गोठ्यात तेच १,११३ किलो निघाले. पहिल्या वेताच्या दुधात गाईगाईंत जो कमीअधिकपणा दिसतो, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा या बालपणीच्या वाढीने उलगडतो, असे त्यांचे म्हणणे. पाचवा हिस्सा म्हणजे सगळे नव्हे. दादाचे आईबाप आणि आंबोण यांना उरलेल्या चार हिश्शांत जागा आहेच. शिवाय सगळ्याच प्रयोगांत असा फरक दिसला असेही नाही. काहींत काहीच हाती लागले नाही.

फरक पडतो तर कोठे पडतो? याचे उत्तर कासेत आहे. आठ आठवड्यांच्या कालवडीची कास म्हणजे काय, चार बारीक सड आणि कातडीखाली बोटभर गाठ. पण त्या गाठीतच पुढच्या दूध तयार करणाऱ्या पेशींचे बियाणे असते. व्हर्जिनियातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की, भरपूर दूध मिळालेल्या वासरांत या पेशीजालाचे वजन अर्धपोटी वासरांच्या कित्येक पट असते. शरीर जेवढ्या पट मोठे, त्याहून खूप जास्त पट. ‘मुलाचे पाय पाळण्यात’ म्हणतात. कालवडीची कास गोठ्याच्या कोपऱ्यातल्या त्या पहिल्या दोन महिन्यांत दिसते म्हणायची.

आता यावर एखादी प्रेमळ आई म्हणेल, मग वासराला सदासर्वदा खाऊ घालावे, बिघडले कुठे? इथे निसर्गाची खोड अशी की बिघडते! साधारण तीन महिन्यांपासून कालवड माजावर येईपर्यंतच्या काळात तिला खाऊ घालून चरबट केले, तर कासेतली दुधाची वाढ खुंटते आणि तिथे चरबी बसते. सेरसेन या डॅनिश संशोधकाने अमेरिकन सहकाऱ्यांसह १९८२ सालीच हे मांडले होते. गंमत म्हणजे, याच निष्कर्षाचा धसका घेऊन कित्येकांनी तान्ह्या वासराचेही दूध तोडले. दोन वयांची दोन शास्त्रे. आपल्या घरांतही काही निराळे नसते म्हणा. तान्ह्या पोराला घड्याळ लावून पाजतात आणि दहा वर्षांच्याला दिवसभर चिवडा.

हे सारे कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्याकडून समजून घेऊन मी वहिनींना फोनवर सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “ते ठीक आहे वन्सं, पण ह्यांना आकडे लागतात, रुपयांत.” मग आम्ही दोघींनी वही मांडली. कालवडीला तीनऐवजी सहा लिटर दूध दिले, तर दिवसाला तीन लिटर जादा; साठ दिवसांचे १८० लिटर. लिटरला ३५ रुपये धरले तर ६,३०० रुपये. दादाच्या शब्दांत, “सहा हजार तीनशे रुपये नुसते गिळले.” त्या जादा दुधाने रोजची वाढ पाव किलोने वाढली असे समजू. कॉर्नेलचे प्रमाण लावले तर पहिल्या वेतात २१२ किलो दूध अधिक, म्हणजे सुमारे ७,४०० रुपये. फायदा अकराशे रुपयांचा, आणि तो हाती यायचा सव्वादोन-अडीच वर्षांनी. शिवाय ते प्रमाण वेताला दहा हजार किलोंच्या घरात दूध देणाऱ्या गाईंचे. आपल्या संकरित गाईला ते तसेच्या तसे लावणे धाडसाचे. ज्याला दर दहा दिवसांनी डेअरीचे बिल आल्यावर पेंडीची उधारी भागवायची असते, त्याने या आकड्यावर विसंबून दूध वासराला पाजावे, असे मी खुर्चीत बसून म्हणणार नाही.

पण वहिनींच्या वहीत आणखी दोन ओळी होत्या, आणि मला त्याच अधिक बोलक्या वाटल्या. एक, आपल्याकडे संकरित कालवड अडीच-तीन वर्षांची होऊन पहिल्यांदा विते, देशी गाय आणि म्हैस त्याहून उशिरा. परदेशातल्या चांगल्या गोठ्यांत हेच वय चोवीस महिन्यांच्या आसपास. कालवड माजावर येते ती वयापेक्षा वजनाने. जेवढे महिने लवकर वेत, तेवढ्या महिन्यांची फुकटची वैरण वाचली. आणि दुसरी ओळ आधल्या वर्षीच्या दोन मेलेल्या वासरांची. “त्यांना दूध कमी पाजून किती वाचवलं ते लिहिलेलं होतं,” वहिनी म्हणाल्या, “ती गेली त्याचं काहीच लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं.” तेवढ्यावर दादाने साडेपाच लिटर कबूल केले. अर्धा लिटर त्याच्या हट्टाचा.

ही न लिहिलेली बाजू किती मोठी होऊ शकते, हे मुंबईने एकदा पाहिले आहे. आरे वसाहत १९४९ साली सुरू झाली, त्याआधी शहराच्या दुधाची मदार दाट वस्तीतल्या तबेल्यांवर. तिथे दूरदूरच्या प्रांतांतून ताज्या व्यालेल्या उत्तमोत्तम म्हशी आणल्या जात. मुंबईत दुधाचा भाव असा की पारडाने प्यालेला प्रत्येक घोट मालकाच्या छातीत कळ आणी. पारडे काही आठवड्यांत उपासाने मरे. पान्ह्यासाठी त्याच्याच कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवीत. आटल्यावर म्हैसही खाटकाकडे जाई, कारण भाकड म्हैस मुंबईत पोसणे परवडत नसे. म्हणजे ज्या म्हशी सर्वांत दुधाळ म्हणून निवडून आणल्या, नेमका त्यांचाच वंश दरसाल बुडत होता. दारा खुरोडी यांनी तबेल्यातली जनावरे आरेला हलवण्याची योजना तडीस नेली, त्यात स्वच्छ दुधाइतकाच हा नासही त्यांच्या डोळ्यांपुढे होता. १९६३ साली कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या त्या दुधासाठी. पारडांची आठवण फारशी कुणी काढली नाही.

गोऱ्ह्यांचे काय, असे मी दादाला विचारले होते. त्याने नुसते माझ्याकडे पाहिले. ट्रॅक्टर आल्यापासून बैल ओढायला नको, आणि संकरित बैल तर उन्हात दमतो. वर २०१५ पासून राज्यात गोवंशहत्याबंदीची कक्षा बैलांपर्यंत वाढली. तेव्हा गोऱ्ह्याला चीक मिळतो, दूध कुठे दशांशाने, कुठे तेवढेही नाही. आता लिंग ठरवून कालवडीच जन्माला याव्यात अशा वीर्यकांड्या मिळतात, आणि दादाही त्याच वापरू लागला आहे. त्याविषयी लिहायचे तर स्वतंत्र लेख लागेल.

शहरात राहून आपण यात काय करावे, असे कुणी विचारील. फारसे काही नाही. मी आमच्या डेअरीवाल्याला खरवस घेताना विचारते, चीक कितव्या धारेचा? तो पहिल्यांदा गोंधळला. त्याला वाटले, पहिल्या धारेचा हवा असे मी म्हणते आहे, आणि त्याने मोठ्या अभिमानाने “एकदम पहिला, ताई!” असे सांगितले. मी तो घेतला नाही. त्याला कारण सांगितले तेव्हा दुकानातल्या दोन बायकांनी थांबून ऐकले. एकीने घेतला, एकीने नाही.

संगमनेरच्या कालवडीचे दूध नवव्या आठवड्यापासून हळूहळू तोडले. साठाव्या दिवशी फितीने वजन त्रेसष्ट किलो निघाले होते. जन्माच्या वजनाची दुप्पट व्हावी, असा दंडक असतो, तो पुरा झाला. दहाव्या-पंधराव्या दिवशी जंताचे औषध, भरडा, पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी, हे वहिनी चुकवत नसत. मध्ये एकदा तिला हगवण लागली आणि दोन दिवसांत थांबली. आता ती दीड वर्षाची होत आली आहे. गेल्या महिन्यात तिला भरवले. राहिली की नाही, ते डॉक्टर पुढच्या महिन्यात तपासून सांगतील. राहिली असेल तर आषाढात व्यायची. दादाने तिच्या पलीकडे, तिच्याच वयाची, पण जुन्या मापाने वाढवलेली शेजाऱ्याची कालवड पाहून ठेवली आहे आणि दोघींच्या बादल्या मोजायच्या, असे ठरवले आहे. एका कालवडीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी त्याला फोनवर सांगितले. तो म्हणाला, “तुझ्या त्या बाराशेचं मला माहीत नाही. ही माझ्या डोळ्यांसमोर आहे.”